सावडीचा पेंढा

लोणावळा,
९ डिसेंबर २०२४

भिमाजी भाऊ,

मी अरुंधती दातार. नावावरून ओळख पटायची नाही, कारण त्या संध्याकाळी तुम्ही मला नाव विचारलंच नाहीत. जुन्या हायवेवर वलवणजवळ तुमच्या पेंढ्याच्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळलेली पांढऱ्या गाडीतली म्हातारी म्हटलं की लगेच पटेल.

काल वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि स्वतःचा चहा स्वतः केला. मांडीच्या हाडात रॉड आहे. डॉक्टर म्हणाले, त्या माणसाने जखम घट्ट बांधली नसती आणि टेम्पो अडवून तुम्हाला तसंच आणलं नसतं, तर रक्त फार गेलं असतं. तेव्हा चहा पिताना पहिला घोट तुमच्या नावाने घेतला.

मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. भाचा धवल याच्या वराळ्याच्या नव्या घराची वास्तुशांत आटोपून मी परत येत होते. मावळतीचं ऊन सरळ काचेवर. पुढे ट्रॉली आहे हे कळलं ते तिच्या मागे बांधलेल्या लाल फडक्यामुळे. ते दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, म्हणून गाडी कोपऱ्याला घासली. नाहीतर मी पेंढ्याच्या खालीच गेले असते. मग मी शिक्षिका असल्याचं काहीतरी पुटपुटले असणार, कारण तुमचा आवाज आला, "बाई, डोळं मिटू नका. शाळंत काय शिकवायचा?" मी भूगोल म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "मग नद्या सांगा. थांबायचं न्हाई." टेम्पोत मी सगळ्या महाराष्ट्राच्या नद्या म्हटल्या. चाळीस वर्षं मुलांना उभं करून म्हणायला लावल्या, त्याची अशी फेड झाली.

तुम्ही ट्रॉलीचं तेच लाल फडकं सोडून माझा पाय बांधलात. दवाखान्यातून ते माझ्याबरोबर घरी आलंय. धुतलं, डाग पूर्ण गेला नाही. जुन्या लुगड्याचा पदर दिसतो. कोणाचा आहे?

फोन करणार होते, पण धवलने बजावलंय की विम्याचं काम चालू असेपर्यंत समोरच्या पार्टीशी फोनवर बोलायचं नाही. पत्राबद्दल तो काही बोलला नाही, कारण त्याच्या पिढीला पत्र नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नाही. आमचा दूधवाला निवृत्ती तुमच्याच गावचा निघाला. त्याच्या हाती देते आहे.

तुमची मनापासून ऋणी,
अरुंधती दातार


औंढे,
१५ डिसेंबर २०२४

अरुंधतीबाई यांना भिमाजीचा नमस्कार.

आपलं पत्र आणि आपल्या वकिलाची नोटीस एकाच दिवशी आली. सकाळी निवृत्तीने पत्र दिलं. ते मी बयाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी पोस्टमनने नोटीस दिली. ती तिला वाचून दाखवली नाही.

नोटिशीत लिहिलंय की माझ्या ट्रॉलीचे मागचे दिवे दिसत नव्हते, म्हणून नुकसानभरपाईला मी जबाबदार. दिवे दिसत नव्हते हे खरं आहे. पेंढा भरला की तो खाली लोंबतो आणि दिवे झाकतो. म्हणूनच आम्ही फडकं बांधतो. पोलिसांनाही मी हेच सांगितलं, लपवलं नाही. पण एका हाताने आभार मानायचे आणि दुसऱ्या हाताने कोर्टात ओढायचं, हे आमच्या अडाण्यांच्या ध्यानात येत नाही. शिकलेल्यांची रीत वेगळी असेल.

फडकं रतनबाईचं आहे. आमच्या गावातली बाई. पेंढाही तिचाच होता. तिचं खाचर वलवणच्या अंगाला आहे, तिथून तो तिच्या म्हशींसाठी घरी आणत होतो. निघताना लाल कापड सापडेना, तर तिने घरातल्या लुगड्याचा पदर फाडून दिला. परत पाठवायची तसदी घेऊ नये.

पाय लवकर बरा होवो. हे मात्र मनापासून लिहितो.

भिमाजी


लोणावळा,
१८ डिसेंबर २०२४

भिमाजी भाऊ,

तुमचं पत्र वाचून मी धवलला असं काही फैलावर घेतलं की त्याने वराळ्याहून इथे येणं लांबवलंय. नोटीस जाण्याआधी मला एक शब्द विचारला नाही, म्हणे नेहमीची पद्धत आहे. अहो, घरी डोहाळजेवण असतं तेव्हाही आधी तोंडी सांगतात, मग पत्रिका देतात.

आता शांतपणे ऐका. नोटिशीत तुमचं नाव असतं, कारण ट्रॅक्टर तुमचा. पैसे मात्र तुमची विमा कंपनी देते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हीचा विमा तुम्ही दर वर्षी वेळेवर भरला आहे, हे पोलिसांच्या कागदांत आहे. तो भरलात तो अशाच दिवसासाठी. दवाखान्याचं बिल मोठं आहे आणि माझं पेन्शन लहान, म्हणून मला दावा करावा लागतोय. पण तुमच्या घरातला एक दाणाही मला नको आहे. ज्या माणसाने मला जिवंत ठेवलं त्याला मी लुबाडणार असले, तर माझ्याकडे भूगोल शिकलेल्या सगळ्या मुलांनी तो विसरून जावा.

आणि "आम्ही अडाणी" हे पुन्हा लिहू नका. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

बयाबाईंना नमस्कार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हे वाचून माझ्याही आलं, हे त्यांना सांगा.

अरुंधती


औंढे,
२ जानेवारी २०२५

अरुंधतीबाईंना नमस्कार.

आपलं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या पत्रात मी तोडून बोललो ते मनावर घेऊ नये. बयाबाईने मला ऐकवायचं ते ऐकवलंच आहे. "मरणाच्या दारातनं आणलेल्या माणसाला आसं लिवत्यात व्हय?" म्हणाली. निवृत्तीबरोबर थोडा इंद्रायणी तांदूळ पाठवला आहे, यंदाचा आहे. मऊ भात करून खा. हाडाला बरा.

विमा कंपनीचा चौकशीचा साहेब येऊन गेला. माणूस सभ्य होता. ट्रॅक्टर बघितला, ट्रॉलीचा वाकलेला कोपरा बघितला, फोटो काढले. मग ओट्यावर बसून सगळं विचारून लिहून घेतलं. मी सरळ उत्तरं दिली. दिवे झाकले होते का, होते. फडकं होतं का, होतं. पेंढा कोणाचा, रतनबाईचा. भाड्याने नेत होतात का, तर हो म्हणालो. खाली सही केली. आता त्यांचं काम ते करतील.

आपण म्हणता तसं विमा अशाच दिवसासाठी असतो. हा ट्रॅक्टर मी बैलजोडी मोडून घेतला, त्याला सात वर्षं झाली. गावातल्या निम्म्या खाचरांची चिखलणी त्याच्यावर होते. त्याच्यावर आच येणार नाही, हे तुमच्या पत्राने कळलं आणि जीव भांड्यात पडला. उपकार झाले.

भिमाजी


लोणावळा,
२० जानेवारी २०२५

भिमाजी भाऊ,

भात इतका छान झाला की मी तूपसुद्धा घेतलं नाही. पण आज भाताबद्दल लिहायला बसलेली नाही.

धवल आत्ताच येऊन गेला. तुमच्या कंपनीचं म्हणणं आलंय. तुमचा विमा शेतीकामापुरता आहे. भाड्याने मालवाहतूक केली तर तो मोडतो. तुम्ही स्वतः सही करून सांगितलंत की भाडं घेतलं. म्हणून कंपनीचं म्हणणं असं, की बाईंचे पैसे आम्ही देऊ, पण ते भिमाजीकडून वसूल करू. धवल मला समजावत होता, "मावशी, तुला पैसे कुठूनही मिळणारच आहेत, तू कशाला काळजी करतेस." मी त्याला चहा न देता घालवला.

भाऊ, ते पैसे तुमच्याकडून वसूल झाले तर ट्रॅक्टर जाईल. हे मला कळतं तर तुम्हालाही कळत असणार. मला एक सांगा. रतनबाईच्या म्हशींचा पेंढा एका गावातून दुसऱ्या गावात आणायचं तुम्ही भाडं घेतलंत? अनोळखी बाईला दवाखान्यात पोचवून टेम्पोवाल्याचे पैसे स्वतः दिलेत, मला त्याचा आकडासुद्धा कळू दिला नाहीत. तुम्ही भाडं घेतलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

खरं काय ते लिहा. नाहीतर मी दावाच मागे घेते.

अरुंधती


औंढे,
२६ जानेवारी २०२५

बाई,

दावा मागे घ्यायचा नाही. घेतलात तर मी हे सगळं तुमच्यावर उपकार म्हणून केलं असं होईल, आणि ते मला चालायचं नाही.

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, पण हे तुमच्यापाशीच ठेवा.

भाडं घेतलं नाही. साहेब ओट्यावर बसला होता, गावातली चार माणसं भोवती. रतनबाई तिथेच, बयाबाईजवळ उभी. साहेबाने विचारलं, "पेंढा फुकट नेत होता की भाड्याने?" आमच्याकडे एखाद्याचं काम फुकट केलं असं त्याच्या तोंडावर म्हणत नाहीत. तो माणूस मिंधा होतो. आणि रतनबाईच्या बाबतीत तर नाहीच. तिचा नवरा महिपती दोन वर्षांमागे वारला. भावकीने दया म्हणून धान्याचं पोतं पाठवलं, ते तिने उंबऱ्यावरून परत केलं. "माझं हात शाबूत हायेत," म्हणाली. तेव्हापासून तिने कोणाचं काही घेतलेलं नाही. सगळ्यांसमोर मी फुकट म्हणालो असतो तर ती उद्यापासून माझ्या ओट्यावर चढली नसती. म्हणून म्हणालो, "भाड्यानं. आन् भाडं पुरतं पोचलं."

तसं बघितलं तर ते खोटंही नाही. पावसाळ्यात बयाबाई टायफॉइडने पडली होती, तेव्हा आमच्या खाचरातली भाताची आवणी, तुम्ही लावणी म्हणता ती, रतनबाईने चार बायका घेऊन उरकून दिली. मग तिचा पेंढा मी आणला. आमच्यात याला सावड म्हणतात. आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या. पैसा मध्ये येत नाही आणि कोणी मोजतही नाही. पण साहेबाने दोनच गोष्टी विचारल्या. सावड म्हणालो असतो तर म्हणाला असता, म्हणजे फुकटच ना? आणि ते तिने ऐकलं असतं.

आता शब्द फिरवला तर साहेब तिच्या दारात जाऊन तिलाच खोदून विचारणार. ते नको. ट्रॅक्टर गेला तर गेला. बैल होतेच की आधी.

तिला हे कळता कामा नये.

भिमाजी


औंढे,
१६ फेब्रुवारी २०२५

अरुंधतीबाईंना रतनबाईचा नमस्कार.

तुम्ही मला बघितलं नाही, पण माझं लुगडं तुमच्याकडे आहे.

तुमची चिठ्ठी निवृत्तीने दुधाच्या क्यानबरोबर आणून दिली. मी सातवी शिकले आहे, वाचता येतं. भाडं म्हटल्यापायी ट्रॅक्टर जाणार, हे वाचून आधी तुमचा राग आला, की ही कोण परकी बाई आमच्यात बोलणार. मग आबांचा आला. भिमाजीआबांना मी आबाच म्हणते. दोन दिवस त्यांच्या घराकडे फिरकले नाही. मला वाटलं, आबांना मी एवढी हलकी वाटले, की फुकट या एका शब्दाने मोडून पडेन? तिसऱ्या दिवशी म्हशीला पेंढा टाकताना मनात आलं, की एका शब्दापायी माणूस आपला ट्रॅक्टर घालवायला निघाला, तो मला हलकी समजत नाही. मग तिथेच बसून रडले.

तुम्ही लिहिलं होतं की साहेबाला पुन्हा बोलवता येतं. तुमच्या भाच्याने नंबर दिला. मी फोन करून साहेबाला बोलावलं आणि सांगितलं, मागच्या वेळी होती ती चारही माणसं आणि तोच ओटा पाहिजे. आबांना मी काही कळवलं नव्हतं. ते शेतातून आले आणि मला साहेबासमोर बसलेली बघून जागच्या जागी उभे राहिले.

मी म्हणाले, "साहेब, भाडं मी दिलं न्हाई. बयाताई तापानं पडलीवती तवा तिची आवणी मी केली, आन् माझा पेंढा आबांनी आणला. फुकट बी न्हाई आन् भाड्यानं बी न्हाई. ह्येला सावड म्हणत्यात. तसं लिवा."

साहेब म्हणाले, हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही. मी म्हणाले, कागदाला मागची बाजू असते. बयाताई पुढे आली. "माझ्याच वावरात राबलीया ही. मी साक्षीला हाय," म्हणाली. मग बाकीचे बोलायला लागले, कोणी कोणाची सावड कधी केली, ते थांबेनात. साहेबाने मागची बाजू भरून काढली आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. जाताना साहेब आबांना म्हणाले, तुम्ही पहिल्यांदाच हे का नाही सांगितलं?  आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

बाई, तुम्ही आबांचा शब्द मोडला. बरं केलं. मला कोणी विचारलंच नसतं, तर आबांचा ट्रॅक्टर माझ्यापायी गेला असता आणि जन्मभर मला त्याचा पत्ता लागला नसता. तुमचे उपकार मानते. मी असं सहसा म्हणत नाही.

रतनबाई


औंढे,
१२ मे २०२५

अरुंधतीबाईंना नमस्कार.

लोकअदालतीत तुम्हाला काठी टेकत पायऱ्या चढताना बघितलं आणि बरं वाटलं. तिथे गर्दीत बोलता आलं नाही. तुमच्या भाच्याने मला वाकून नमस्कार केला, त्याला चहा देत जा.

कंपनीने भाड्याचा मुद्दा सोडला, तुमचे पैसे मंजूर झाले आणि माझ्यावर काही आलं नाही. सकाळी बाहेर आलो की आधी दारातल्या ट्रॅक्टरकडे नजर जाते आणि मग तुमची आठवण होते. मी तुम्हाला म्हणालो होतो, तुमच्यापाशीच ठेवा. तुम्ही ठेवलं नाहीत. मी तुमची सगळी पत्रं काढून बघितली. तुम्ही ठेवते असं कधी लिहिलंच नव्हतं, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही. महिनाभर मी तुमच्यावर रागावून होतो, म्हणून लिहिलं नाही. राग कधी गेला ते कळलं नाही. रतनबाई आता ओट्यावर येते, चहा पिते आणि मला टोचून बोलते. पूर्वी ती माझ्याशी मान खाली घालून बोलायची. हे मला जास्त आवडतं.

तुम्ही निवृत्तीजवळ बयाबाईसाठी साडी आणि माझ्यासाठी पाकीट पाठवलंत. साडी ठेवली. पाकीट परत पाठवतो आहे, उघडलेलं नाही. रागावू नये.

त्यावर रतनबाईचा निरोप आहे, तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. "बाईंना इचारा, आबांनी तुमास्नी उचलून न्हेलं, त्ये फुकट का भाड्यानं?"

बयाबाई हसून खाली बसली. मी मात्र रतनबाईला विचारलं, मग बाईंनी काय करायचं? ती म्हणाली, आवणीला यायचं.

भिमाजी


लोणावळा,
६ जुलै २०२५

भिमाजी भाऊ, बयाबाई आणि रतनबाई,

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते, कारण उत्तरही एकच आहे. येते.

चिखलात वाकता येणार नाही, डॉक्टरांनी तेवढं बजावलंय. पण बांधावर पाट टाकून बसेन आणि रोपांच्या मुठी बांधून देईन. बांधायला चुकले तर रतनबाईंनी सोडून परत बांधायला लावाव्यात, मी मुलांना तसंच करायला लावत असे. तुमच्या बायका आवणीची गाणी म्हणतील तेव्हा मी गप्प बसेन. मला नद्याच पाठ आहेत.

तुम्ही मला टेम्पोत घातलंत त्या संध्याकाळपासून मी एकच विचार करत होते, की या माणसाचं कसं फेडू. पाकीट पाठवलं ते मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. तुम्ही ते परत केलंत आणि मला कामाला बोलावलंत. भाऊ, निवृत्त झाल्यापासून मला कोणी कामाला बोलावलं नव्हतं. सगळे जपायलाच बघतात. या वयात दुसऱ्याच्या शेतात आपला हात लागेल असं वाटलं नव्हतं, आणि त्याचा आनंद किती झालाय ते लिहिता येत नाही.

धवल मला गाडीने सोडणार आहे. त्याला पटलेलं नाही. काल विचारत होता, "मावशी, या पायाने तिथे जाऊन तू फुकट राबणार, की ते तुला काही देणार?" मी म्हटलं, तुझ्याही कागदाला मागची बाजू असेल, उलटून बघ.

येताना रतनबाईंच्या लुगड्याचा पदर आणते आहे. डाग राहिला आहे, पण लाल रंग पक्का आहे. कापड रिकामं परत करू नये म्हणून त्यात नारळ बांधलाय, आणि ट्रॉलीच्या मागे चिकटवायला गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या लाल पट्ट्याही. त्या पेंढ्याच्या वर दिसतील अशा लावा. फडकंही बांधाच.

सोमवारी सकाळी येते. निवृत्तीला सांगा, त्या दिवशी माझं दूध इकडे आणू नको. मी औंढ्यातच असेन.

तुमची,
अरुंधती